हळद काळी दिसत होती तेव्हा
छायाचित्रातील रंग आणि प्रकाशसंवेदनेचा इतिहास

सांगलीच्या बाजारात हळदीची पारख डोळ्यांनी होते. व्यापारी हळकुंड मोडतो, आतला गाभा उजेडाकडे धरतो आणि त्याच्या रंगावरून मालाचा अंदाज बांधतो. एके काळी हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी ही हळद रंगासाठीच नावाजलेली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. हेच हळकुंड १८६० च्या सुमारास कोणी कॅमेऱ्यासमोर ठेवले असते, तर छायाचित्रात ते जवळजवळ काळे उमटले असते. सातारच्या किल्ल्यावरचा भगवा झेंडाही काळपट आला असता आणि कपाळावरचे कुंकू म्हणजे काळा ठिपका. उलट निळे लुगडे फिकट आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे दिसले असते.

छायाचित्रकाराचे यात काही चुकलेले नसे. त्या काळातील काचेची प्लेट जे पाहू शकत होती तेवढेच ती दाखवत होती. आज आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘आयएसओ’ आणि ‘व्हाइट बॅलन्स’ अशी दोन नावे दिसतात. पहिले प्रकाशाच्या संवेदनक्षमतेशी निगडित आहे, दुसरे रंगाशी. बहुतेक जण ती ‘ऑटो’वर सोडून देतात. पण काळ्या हळदीपासून पिवळ्या हळदीपर्यंतचा प्रवास पाहिला, की या दोन शब्दांमागे काय दडले आहे ते कळते.

निळाच प्रकाश ओळखणारी काच

१८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, तो चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि सुकण्याच्या आत अंधारात धुऊन काढायचा. या सगळ्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत. म्हणून बाहेरगावी जाणारा छायाचित्रकार रसायनांच्या बाटल्या आणि काळा तंबू बरोबर घेऊन हिंडे. ही विद्या आपल्याकडे लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार.

या प्लेटची अडचण मूलभूत होती. चांदीच्या क्षाराच्या स्फटिकात बदल घडवायला फोटॉनजवळ पुरेशी ऊर्जा लागते. ती निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाच्या फोटॉनजवळ असते. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या फोटॉनजवळ नसते. आता हळदीकडे पाहा. तिच्यातील कर्क्युमिन हे रंगद्रव्य ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषून घेते आणि बाकीचा परावर्तित करते. म्हणूनच ती आपल्याला पिवळी दिसते. प्लेटला हवा असलेला प्रकाश हळदीने गिळलेला आणि हळदीने परत पाठवलेला प्रकाश प्लेटला न दिसणारा! मग तेथे काळ्याशिवाय दुसरे काय उमटणार?

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग मुबलक आहेत, आणि लेण्यांत उजेड कमी. म्हणजे रंग आणि संवेदनक्षमता या दोन्ही अडचणी तेथे एकत्र आल्या. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात लेण्यांची छायाचित्रे घेतली खरी, पण चित्रांच्या नकला मात्र त्यांना रंग-कुंचल्यानेच कराव्या लागल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या. सातारा जिल्ह्यातील औंधचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंतप्रतिनिधी यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ निघाला १९३२ साली. रंग नोंदवण्याचे काम कितीतरी काळ कॅमेऱ्याचे नव्हते. ते चित्रकाराचे होते.

एक रंग दुसऱ्या रंगाच्या मदतीला

१८७३ मध्ये बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना काही प्लेट्स हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देताना आढळल्या. कारखानदाराने त्यांच्यात वेगळ्याच हेतूने एक रंग मिसळला होता. फोगेल यांनी बरोबर ताडले, की हा रंग हिरवा प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा चांदीच्या क्षाराला पोचवतो. म्हणजे योग्य रंगद्रव्य मिसळून प्लेटला नवे रंग ‘दाखवता’ येतील.

या शोधाचा पुढचा धागा भारतात आहे. कलकत्त्यात भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छायाचित्रण विभागात काम करणारे जेम्स वॉटरहाउस यांनी १८७५ मध्ये इओसिन हे रंगद्रव्य प्लेटला हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठी संवेदनक्षम करते असे दाखवले. शाळेत पेशींच्या स्लाइड रंगवायला वापरतात तेच हे इओसिन. १८८० च्या दशकात अशा ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ प्लेट्स बाजारात आल्या. हळद उजळली, पण कुंकू काळेच राहिले, कारण तांबड्याची अडचण सुटायची होती. १९०६ मध्ये सर्व रंग ओळखणाऱ्या ‘पँक्रोमॅटिक’ प्लेट्स विकायला आल्या. तरी मूकपटांच्या जमान्यात बरीचशी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिकच होती. तांबडा काळा येणार हे धरूनच तेव्हा नटांचे चेहरे रंगवावे लागत. शेजारच्या कोल्हापुरात बहरलेल्या चित्रपटधंद्यातील कारागिरांना हे गणित रोजचे होते.

किती प्रकाश पुरे?

रंगाबरोबर दुसरा प्रश्न होता प्लेटच्या ‘वेगा’चा. एखाद्या प्लेटला किती प्रकाश पुरेल, हे १८८० पर्यंत अनुभवानेच ठरे. इंग्लंडमधील रासायनिक कारखान्यात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणला. प्लेटवर मोजून प्रकाश टाकायचा, धुतल्यावर ती किती काळी झाली ते मोजायचे आणि दोहोंचा आलेख काढायचा. त्यांचा निबंध १८९० साली प्रसिद्ध झाला. आज आपण ज्याला आयएसओ म्हणतो त्या आकड्याचे मूळ या आलेखात आहे.

हे मोजमाप का हवे होते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्याच्या आकाशातच घडले. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन कराडच्या परिसरावरून ईशान्येकडे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तळ दिला होता. खग्रास स्थिती फक्त दोन मिनिटांच्या आसपास. सूर्याच्या प्रभामंडलाचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा शेकडो पटींनी तेजस्वी असतो, त्यामुळे एकाच प्लेटवर दोन्ही नीट येणे अशक्य. एक प्लेट क्षणभर, दुसरी काही सेकंद, तिसरी आणखी जास्त, असा क्रम आधी ठरवून, तालीम करून ठेवावा लागे. प्लेटचा वेग चुकीचा धरला तर पुढच्या ग्रहणापर्यंत थांबणे आले.

पुढे या वेगाला प्रमाणित आकडे मिळाले. जर्मनीत १९३४ मध्ये ‘डिन’ आणि अमेरिकेत १९४३ मध्ये ‘एएसए’. एएसएमध्ये आकडा दुप्पट झाला, की लागणारा प्रकाश निम्मा होतो. डिनची पद्धत लॉगरिथमची. तेथे दुप्पट वेगाला तीन अंश वाढतात. १९७४ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, दोन्ही पद्धती एकत्र आणल्या. फिल्मच्या डबीवर १००/२१° असे लिहिलेले जुन्या शिक्षकांना आठवत असेल. त्यातला १०० म्हणजे एएसए आणि २१ म्हणजे डिन.

वेगवान फिल्ममध्ये चांदीच्या क्षाराचे कण मोठे असतात. मोठ्या कणाला प्रकाश सापडण्याची शक्यता जास्त, पण चित्रही तितकेच भरड. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो ४०० च्या फिल्मवर घ्यावेत तर दाणे दिसतात, १०० च्या फिल्मवर घ्यावेत तर नाचणाऱ्या मुलांचे हात हलतात. उदकमंडलमच्या कारखान्यात बनणारी ‘इंदू’ फिल्म वापरून गावोगावच्या फोटोवाल्यांनी हा हिशोब वर्षानुवर्षे सांभाळला. तो कारखाना आता बंद झाला, पण हिशोब तोच आहे.

पांढरे कशाला म्हणायचे?

फ्रेंच गणिती गास्पार मोंज यांनी १७८९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक गंमत दाखवली. लाल काचेतून पाहिले की लाल कागद अधिक लाल दिसायला हवा. पण तो पांढरट दिसतो! आपला मेंदू भोवतालच्या प्रकाशाचा रंग गृहीत धरून तो वजा करतो. म्हणून कंदिलाच्या उजेडातही वहीचा कागद आपल्याला पांढराच वाटतो. १९०२ मध्ये योहानेस फॉन क्रीस यांनी याला सोपे गणिती रूप दिले. डोळ्यातील तीन प्रकारच्या शंकुपेशी आपापला प्रतिसाद स्वतंत्रपणे कमीजास्त करतात, असे त्यांचे म्हणणे.

फिल्मला मेंदू नसतो. रंगीत फिल्म १९३० च्या दशकात रुळू लागली तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. प्रकाशाचा रंग सांगण्यासाठी भौतिकशास्त्रातील रंग-तापमान कामी आले. काळा पदार्थ तापवला की आधी तांबडा, मग पिवळा, पांढरा आणि शेवटी निळसर दिसतो. त्या तापमानाचा केल्विनमधील आकडा म्हणजे प्रकाशाच्या रंगाचे नाव. मेणबत्ती सुमारे १९००, साधा विजेचा दिवा २८००, दुपारचे ऊन ५५००, ढगाळ आकाश ६५०० ते ७५००, आणि निळ्या आकाशाखालची सावली त्याहूनही जास्त. कारखान्यांनी दोन वेगळ्या फिल्म बनवल्या, एक ५५०० केल्विनच्या उन्हासाठी, दुसरी ३२०० केल्विनच्या दिव्यांसाठी. चुकीच्या उजेडात वापरायची तर भिंगापुढे रंगीत काच लावायची. ट्यूबलाइटचा प्रकाश यात नीट बसतच नाही. त्याच्या वर्णपटात हिरव्याचे शिखर असते, म्हणून तिच्या उजेडातील जुन्या रंगीत फोटोंत चेहरे हिरवट दिसतात.

पडद्यावर रंग आणणे तर आणखी अवघड. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘प्रभात’च्या ‘सैरंध्री’ची (१९३३) रंगीत छपाई जर्मनीत झाली, पण रंग मनासारखे आले नाहीत.

व्हिडिओ कॅमेरा आल्यावर चित्र पालटले. लग्नात चित्रीकरण करणारा कॅमेरामन मांडवात शिरताच आधी पांढऱ्या कागदासमोर कॅमेरा धरतो आणि एक बटण दाबतो, हे अनेकांनी पाहिले असेल. तो कॅमेऱ्याला सांगत असतो, ‘या उजेडात याला पांढरे म्हण.’ हाच व्हाइट बॅलन्स. फिल्मच्या कारखान्यात होणारा निर्णय आता मांडवात होऊ लागला.

रसायनाकडून सिलिकॉनकडे

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. तिला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. चित्रबिंदू फक्त दहा हजार, तेही कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. सिलिकॉनला स्वतःहून रंग कळत नाहीत. १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या ब्राइस बायर यांच्या योजनेत प्रत्येक संवेदकावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण आपला डोळा तपशील मुख्यतः त्याच भागात टिपतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ वाढवला म्हणून संवेदक अधिक संवेदनक्षम होत नाही. फिल्म बदलली की रसायन बदलत असे; येथे सिलिकॉन तेच राहते. आयएसओ १०० वरून १६०० केला, की कॅमेरा सोळापट कमी प्रकाशात समाधान मानतो आणि मिळालेला संकेत तेवढाच वाढवून दाखवतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला म्हणून वक्ता मोठ्याने बोलू लागत नाही, तसेच हे.

मग चित्रात ठिपके का येतात? फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. सरासरी १०,००० फोटॉन अपेक्षित असतील तर चढउतार त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा. फक्त १ टक्का. अपेक्षित फोटॉन १०० असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. संकेत वाढवला की चढउतारही वाढतो. ठिपक्यांचे मूळ कारण आयएसओचा आकडा नाही, प्रकाशाची टंचाई आहे.

व्हाइट बॅलन्स हाही गुणाकारच. साध्या दिव्याखाली पांढऱ्या कागदाकडून तांबड्या, हिरव्या, निळ्या संवेदकांना समजा २४०, १६० आणि ८० असे संकेत मिळाले. कॅमेरा तांबड्याला दोन-तृतीयांशने आणि निळ्याला दोनने गुणतो. तिन्ही १६० होतात आणि कागद पांढरा दिसतो. ही थेट फॉन क्रीस यांची कल्पना. पण निळा दुप्पट केला की त्यातले ठिपकेही दुप्पट होतात. म्हणून दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत निळ्या वस्तू सर्वांत जास्त भरड दिसतात. रंग आणि संवेदनक्षमता या दोन सेटिंग्जचे नाते असे आहे.

अंदाज चुकतो तेव्हा

‘ऑटो’ म्हणजे कॅमेऱ्याचा अंदाज. त्यामागचे सर्वांत जुने गृहीतक असे, की दृश्यातील सर्व रंगांची सरासरी करडी येते. चौकटभर हळदच असेल तर हे गृहीतक कोसळते. कॅमेऱ्याला वाटते उजेडच पिवळा आहे. तो निळा वाढवतो आणि हळद फिकट होते. हल्लीचे मोबाइल अधिक हुशार झाले आहेत, तरी फसतात. मालाचा फोटो पाहून भाव बोलायचा असेल, तर हा फरक पैशांत मोजावा लागतो.

सातारच्या कास पठारावर प्रश्न ओळखीचा आहे. सुमारे १२०० मीटर उंचीचे हे पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. सातारचे नाव धारण करणारी वायतुराची जात, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णनासह प्रसिद्ध झाली. पावसाळ्यातील धुक्यात तेथला प्रकाश निळसर असतो आणि फुलांच्या जांभळ्या-निळ्या छटा फोटोगणिक बदलतात. फिल्मच्या काळात तर काही निळी फुले चक्क गुलाबी येत. ती डोळ्याला फारसा न दिसणारा गडद तांबडा प्रकाशही परावर्तित करतात आणि फिल्मचा तांबडा थर तो टिपत असे. फुलाची जात फोटोवरून ठरवताना रंगावर किती भिस्त ठेवायची, हे यातून कळावे.

तिसरा प्रश्न माणसांच्या चेहऱ्यांचा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दृश्य सरासरीने सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते असे धरतो. पांढऱ्या गणवेशातील साठ मुले समोर बसली, की त्याला उजेड फार वाटतो. तो एक्सपोजर कमी करतो आणि सावळ्या मुलांचे चेहरे काळवंडतात. रंगीत छपाईच्या प्रयोगशाळांना कोडॅक जे संदर्भचित्र पाठवत असे, त्यात अनेक वर्षे गोरी स्त्री असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. तिची कांती बरोबर आली की छपाई बरोबर, असा दंडक होता. कोणाचा चेहरा नीट दिसावा हा निर्णय असा नकळत यंत्रात शिरतो. आपल्या वर्गाच्या फोटोत तो बदलणे आपल्या हाती आहे. एक्सपोजर थोडे वाढवायचे, गणवेश जरा जास्त पांढरा झाला तरी चालेल.

वर्गात करून पाहा

१. हळदीच्या द्रावणात बुडवून वाळवलेल्या कागदाने चौकट पूर्ण भरेल असा फोटो ‘ऑटो’वर घ्या. मग तोच कागद पांढऱ्या आणि करड्या कागदांच्या शेजारी ठेवून घ्या. दोन्हीतील पिवळा सारखा आहे का?

२. या हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून तो तांबडा करा. ऊन, सावली आणि ट्यूबलाइट अशा तीन ठिकाणी फोटो घ्या. केवळ फोटो पाहून द्रावण आम्लारी होते हे दुसऱ्या वर्गातील मुलांना सांगता येते का?

३. कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा बदलता येत असेल तर उन्हात तो ३००० आणि ८००० ठेवून पाहा. मोठ्या आकड्याला चित्र पिवळसर का होते? मोठा आकडा म्हणजे ‘उजेड निळा आहे’ असे आपण कॅमेऱ्याला सांगतो. तो पिवळा मिसळून भरपाई करतो.

४. एकच वस्तू आयएसओ १०० आणि ३२०० वर घ्या, कॅमेरा टेबलावर टेकवून. चित्र मोठे करून सावलीचा भाग तपासा.

पांढरा संदर्भ निवडताना एक काळजी घ्यावी. टिनोपाल घातलेला सदरा आणि चकचकीत पांढरा कागद उन्हातील अतिनील प्रकाश घेऊन निळसर चमकतात, म्हणून ते खरे पांढरे नव्हेत. साधा करडा पुठ्ठा बरा. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोगाचा फोटो घेताना तो पुठ्ठा चौकटीच्या कोपऱ्यात ठेवावा आणि फोटोखाली उजेड कोणता होता, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स काय होते, हे मुलांकडून लिहून घ्यावे. तापमापीतील आकड्यापुढे आपण एकक लिहायला लावतो, तितकेच हे आवश्यक आहे.